पिंपल्ससारखं दिसतं, पण ते पिंपल्स नव्हेत

"या वयात मला पिंपल्स?" केमोच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आरशासमोर उभं राहिल्यावर कितीतरी जणांच्या तोंडून हा प्रश्न निघतो. केस जाणार, मळमळणार, तोंडाची चव जाणार, थकवा येणार, याची मनाची थोडीफार तयारी झालेली असते. नाकाच्या दोन्ही बाजूंना, कपाळावर, हनुवटीवर, छातीवर लाल पुळ्या उठतील असं मात्र कुणी सांगितलेलं नसतं. किंवा सांगितलं असलं तरी त्या दिवशी कानावर पडलेल्या शंभर गोष्टींत ते वाहून गेलेलं असतं. मग सोळाव्या वर्षी जे केलं होतं तेच माणूस पुन्हा करतो. पिंपल्सचं क्रीम आणतो, दिवसातून चार-पाच वेळा चेहरा खसाखसा धुतो, लिंबू चोळतो, पुळ्या फोडतो. दोन दिवसांत चेहरा नुसता जळायला लागतो.

ते दोन दिवस येण्याआधी हा लेख कुणाच्या तरी हाती पडावा असं मला मनापासून वाटतं. या पुळ्या पिंपल्ससारख्या दिसतात, पण त्यांचं कारण वेगळं असतं आणि उपाय तर बऱ्याचदा अगदी उलटा असतो.

नेहमीच्या पिंपल्समध्ये काय होतं ते आधी आठवू. त्वचेखालच्या तेलग्रंथी हार्मोन्समुळे जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशी आणि तेल मिळून रोमछिद्राला बूच बसतं, आत जंतू वाढतात आणि पुळी येते. बूच बसलेलं छिद्र म्हणजेच आपण ज्याला ब्लॅकहेड किंवा व्हाइटहेड म्हणतो ते. म्हणून पिंपल्सची औषधं तेल सुकवतात आणि वरचा थर सोलून बूच मोकळं करतात. केमोत उठणाऱ्या पुरळात हे बूच सहसा नसतंच. तिथे त्वचा आधीच कोरडी आणि पातळ झालेली असते. अशा त्वचेवर सुकवणारं, सोलणारं औषध लावणं म्हणजे भाजलेल्या जागेवर ब्रश फिरवण्यासारखं आहे.

नेमकं कोणतं औषध चालू आहे?

"केमो" हा शब्द आपण सरसकट वापरतो. सलाईनमधून चढणारी औषधं, रोज घ्यायची गोळी, उलटी थांबवणारं इंजेक्शन, स्टेरॉइड, सगळं मिळून केमो. बोलण्यापुरतं ते ठीक आहे. त्वचेचं निदान मात्र यातलं नेमकं काय शरीरात जातंय यावरच ठरतं. फाइलमधल्या औषधांची नावं एका कागदावर उतरवून ठेवा. त्वचेच्या डॉक्टरांना पहिल्यांदा तोच कागद हवा असतो.

जुन्या पद्धतीची केमो औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. त्यांच्यामुळे त्वचा कोरडी पडते, काळवंडते, काहींचे तळहात-तळपाय सोलतात. पिंपल्ससारखं पुरळ हे त्यांचं नेहमीचं लक्षण नाही. डॅक्टिनोमायसिन हा त्यातला एक ठळक अपवाद. पण ही औषधं पांढऱ्या पेशी कमी करतात, म्हणजे ज्याला सगळे "काउंट उतरले" म्हणतात ते होतं, आणि मग केसांच्या मुळांशी साधा संसर्गही जोर धरतो. केस गळताना डोक्यावर ज्या दुखऱ्या पुटकुळ्या येतात त्यांतल्या काही अशा असतात.

दुसरं कारण स्टेरॉइड. उलटी आणि ॲलर्जी टाळायला केमोच्या दिवशी डेक्सामेथासोन देतात. लिम्फोमा आणि रक्ताच्या काही कर्करोगांत तर प्रेडनिसोलोन हा मुख्य उपचाराचाच भाग असतो. स्टेरॉइडच्या पुळ्या ओळखू येतात, कारण त्या सगळ्या एकाच मापाच्या असतात, जणू एका रात्रीत पेरल्यासारख्या. चेहऱ्यापेक्षा छाती, पाठ, खांदे आणि दंडांवर जास्त. स्टेरॉइडचा डोस उतरला की त्या ओसरतात. पण म्हणून स्टेरॉइड परस्पर बंद करायचं नाही. एकदम थांबवलेलं स्टेरॉइड पुळ्यांपेक्षा कितीतरी मोठा धोका निर्माण करू शकतं.

तिसरं कारण फारसं लक्षात येत नाही. मॅलसेझिया नावाची एक यीस्ट, म्हणजे सूक्ष्म बुरशी, आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर शांतपणे राहत असते. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि दबलेली प्रतिकारशक्ती एकत्र आली की ती केसांच्या मुळांत वाढते आणि पाठीवर, छातीवर बारीक पुळ्या उठतात. त्यांना खाज फार असते. यावर अँटिबायोटिक दिलं तर पुरळ वाढतं, कारण जंतू हटले की यीस्टला रान मोकळं मिळतं. बुरशीवरचं औषध दिलं की ते बसतं. दिसायला सगळं एकसारखंच, त्यामुळे शेजारच्या बेडवरच्या पेशंटला जे लागू पडलं ते आपल्यालाही पडेल असं धरून चालू नका.

आणि चौथं, सगळ्यात जास्त पुरळ उठवणारं कारण म्हणजे टार्गेटेड थेरपी, म्हणजे कर्करोगाच्या पेशीतल्या एका ठरावीक जागेवर नेम धरणारी औषधं. इथे जरा थांबू, कारण हे नीट कळलं की पुढची सगळी काळजी आपोआप पटते.

उंदराच्या पिल्लांचे डोळे आणि आपला चेहरा

साठ वर्षांहून जुनी गोष्ट आहे. स्टॅन्ली कोहेन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला. पिल्लांचे डोळे नेहमीपेक्षा कितीतरी दिवस आधी उघडले आणि दातही लवकर आले. अर्कातलं काहीतरी पापण्यांची त्वचा वेगाने पिकवत होतं. १९६२ मध्ये कोहेन यांनी तो पदार्थ वेगळा काढल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे त्याला एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराला वाढवणारा घटक, असं नाव मिळालं. १९८६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळालं ते अशाच वाढीच्या घटकांच्या शोधासाठी.

हा घटक काम कसा करतो? पेशीच्या अंगावर दारावरच्या घंटेसारखं एक बटण असतं, त्याला ईजीएफआर म्हणतात. घटकाने बटण दाबलं की आत निरोप जातो: वाढत जा, विभागत जा, दुरुस्ती कर. आतड्याच्या, फुफ्फुसाच्या, तोंड-घशाच्या अनेक कर्करोगांत ही घंटा सतत वाजत राहते आणि पेशी थांबायचं नाव घेत नाहीत. सेटुक्सिमॅब, पॅनिटुमुमॅब ही सलाईनमधून द्यायची औषधं आणि जेफिटिनिब, एर्लोटिनिब, अफाटिनिब, ओसिमर्टिनिब या गोळ्या हे बटणच निकामी करतात. गाठीची वाढ रोखली जाते.

पण तेच बटण त्वचेच्या सगळ्यात खालच्या थरात आणि केसांच्या मुळांभोवती भरपूर असतं. या घटकाची ओळखच मुळी त्वचेतून झाली होती, हे आठवा. औषधाला गाठीतलं बटण आणि गालावरचं बटण यांतला फरक कळत नाही. त्वचेच्या पेशींना वाढीचा निरोप मिळेनासा होतो, त्या अर्ध्यातच म्हाताऱ्या होतात, त्वचेची भिंत पातळ पडते. त्या पेशी धोक्याचे संदेश सोडतात आणि पांढऱ्या पेशी केसांच्या मुळांशी गोळा होतात. त्यातून लालसर, मध्ये पू धरलेली पुळी उठते. सुरुवातीच्या या पुवात बहुतेकदा जंतू नसतात. पू दिसला की जंतू आलेच, हे आपलं नेहमीचं समीकरण इथे पहिल्या टप्प्यात लागू पडत नाही.

सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब घेणाऱ्या दहापैकी आठ किंवा त्याहून जास्त जणांना कमी-अधिक पुरळ येतंच. म्हणजे पुरळ आलं तर तुमचं काही चुकलेलं नाही, तुमची स्वच्छता कमी पडलेली नाही, खाण्यात काही बिघडलेलं नाही. आणि ते संसर्गजन्य नाही. घरातल्या माणसांनी जवळ बसावं, गालाला हात लावावा, नातवंडांना मांडीवर द्यावं (काउंट फार कमी असताना डॉक्टरांनी सांगितलेली काळजी घेऊन). पुरळ एकाचं दुसऱ्याला लागत नाही.

साधारण चाल अशी असते. औषध सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात चेहरा तापल्यासारखा, उन्हात भाजल्यासारखा वाटतो. पहिल्या दोन आठवड्यांत पुळ्या दिसू लागतात: नाक, गाल, कपाळ, डोकं, छाती, वरची पाठ. तळहात-तळपायांवर सहसा पुरळ येत नाही. महिन्याभरात पुरळ भरात येतं, मग खपल्या धरतात, आणि त्यानंतर कोरडेपणा, खाज आणि काळसर डाग उरतात. सावळ्या किंवा गडद त्वचेवर लाली लाल दिसत नाही, ती तपकिरी किंवा जांभळट दिसते. त्यामुळे पुरळ सौम्यच आहे असा बघणाऱ्याचा समज होऊ शकतो. ठणका किती, जळजळ किती, झोपमोड होते का, हे तुम्ही तोंडाने सांगितलं पाहिजे.

"पुरळ आलंय म्हणजे औषध लागू पडतंय"

हे वाक्य अनेकांना ऐकवलं जातं आणि त्यात तथ्य आहे. ही औषधं घेणाऱ्यांच्या अभ्यासांत, ज्यांना ठळक पुरळ आलं त्यांच्यात सरासरीने औषधाचा परिणाम जास्त चांगला दिसला. घाबरलेल्या माणसाला हे ऐकून धीर येतो, ते चांगलंच आहे.

पण याच वाक्याने नुकसानही होतं, आणि मला ते मोकळेपणाने सांगावंसं वाटतं. एक म्हणजे, ज्यांना पुरळ येत नाही ते उगाच घाबरतात. सरासरीचा नियम एकेका माणसाला लावता येत नाही. पुरळ न येताही औषध उत्तम काम करू शकतं. दुसरं जास्त वाईट: माणसं सोसत राहतात. "पुरळ चांगलंच आहे ना, मग त्याला हात कशाला लावायचा" असं म्हणून उशीवर डोकं टेकवता येईना तरी बोलत नाहीत. काही जण वेगळ्याच भीतीने गप्प असतात: डॉक्टरांना कळलं तर औषध बंद करतील. प्रत्यक्षात उलटं होतं. पुरळावर उपचार केल्याने कर्करोगाच्या औषधाचा गुण कमी होत नाही. लपवलेलं पुरळ मात्र अंगभर पसरतं, चिघळतं, आणि मग डोस कमी करण्याची किंवा थांबवण्याची वेळ खरोखरच येते. पहिल्या चार पुळ्या दिसल्या त्याच दिवशी फोन केला तर डोस वेळेवर चालू राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त. त्वचेची काळजी हा इथे रूपाचा प्रश्न नाही, तो उपचार पूर्ण करण्याचा प्रश्न आहे.

त्याहून चांगलं म्हणजे पुरळ येण्याआधीच तयारी करणं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी पॅनिटुमुमॅब घेणाऱ्या ९५ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला औषधाच्या आदल्या दिवसापासूनच मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, सौम्य हायड्रोकॉर्टिसोन क्रीम आणि डॉक्सिसायक्लिनची गोळी सहा आठवडे दिली. दुसऱ्या गटाला पुरळ आल्यावर उपचार दिले. मध्यम किंवा तीव्र त्रास पहिल्या गटात २९ टक्क्यांना झाला, दुसऱ्यात ६२ टक्क्यांना. म्हणून ईजीएफआर रोखणारं औषध सुरू होणार असेल तर पहिल्या डोसच्या आधीच विचारा: "पुरळ येऊ नये म्हणून मला आधीपासून काही द्यायचं आहे का?"

डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक असलं तरी इथे ते मुख्यतः दाह कमी करण्यासाठी वापरतात. ती गोळी पेलाभर पाण्यासोबत, बसून किंवा उभं राहून घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीचं औषध यांच्यासोबत ती नीट शोषली जात नाही, म्हणून मध्ये अंतर ठेवायचं. आणि तिच्यामुळे उन्हाचा त्रास वाढतो.

रोजचं करणं

आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात. कडक पाणी त्या क्षणी खाजेला बरं वाटतं, पण नंतर त्वचा दुप्पट कोरडी होते. नेहमीच्या साबणाऐवजी बिनवासाचं, सौम्य क्लिन्झर वापरा. टॉवेल घासू नका, टिपून घ्या. अंग थोडं ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा, दिवसातून निदान दोनदा. लोशनपेक्षा घट्ट क्रीम बरं. काही लोशनमध्ये अल्कोहोल असतं आणि ते झोंबतं. सिरॅमाइड असलेली क्रीम चांगली. युरिया असलेलं क्रीम कोरडेपणावर फार उपयोगी आहे, पण सोललेल्या, चिरलेल्या जागी ते आग आग करतं, तिथे टाळा. क्रीम केसांच्या दिशेने हलक्या हाताने पसरवा, चोळून जिरवायचा हट्ट नको.

उन्हाची गोष्ट गंभीरपणे घ्या. एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवर आधारलेलं सनस्क्रीन दुखऱ्या त्वचेला सहसा कमी झोंबतं. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, आणि रुंद काठाची टोपी किंवा सुती कापड सोबत ठेवायचं.

दाढी करावी लागत असेल तर धारदार ब्लेडपेक्षा इलेक्ट्रिक रेझर बरा. डोक्यावर पुरळ असेल तर मऊ, स्वच्छ उशीचा अभ्रा आणि मऊ स्कार्फ. मेकअपला बंदी नाही. रोमछिद्रं न बुजवणारं, बिनवासाचं फाउंडेशन हलक्या हाताने लावावं आणि रात्री तितक्याच हलक्या हाताने काढावं. बाहेर पडताना चेहरा झाकावासा वाटणं यात लाजण्यासारखं काहीच नाही. कर्करोगाची बातमी कुणाला सांगायची हे आपण ठरवू शकतो, पण चेहरा आपल्याला न विचारताच सगळ्यांना सांगत सुटतो, आणि ते फार थकवणारं असतं.

काय लावायचं नाही: पिंपल्सच्या औषधांतलं बेंझॉइल पेरॉक्साइड, सॅलिसिलिक ॲसिड, ट्रेटिनॉइन किंवा अडापॅलीन, स्क्रब, अल्कोहोलचे टोनर, लिंबू, टूथपेस्ट. घरात पडलेलं स्टेरॉइडचं क्रीमही मनाने लावू नका. डॉक्टर स्टेरॉइड क्रीम देतात तेव्हा त्याची ताकद, जागा आणि दिवस मोजून देतात. जोरदार क्रीम चेहऱ्यावर आठवडेच्या आठवडे लावलं तर तेच पुळ्या उठवतं. आणि पुळ्या फोडू नका. काउंट कमी असताना नखाने केलेली छोटीशी जखमही जंतूंना उघडं दार असते.

लगेच फोन कधी करायचा

बऱ्याच केमोंमध्ये काउंट सगळ्यात खाली जातात ते डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत. या दिवसांत शरीराकडे पू तयार करायलाही पुरेशा पांढऱ्या पेशी नसतात. त्यामुळे आत संसर्ग असूनही बाहेर पू दिसत नाही, फक्त जागा गरम, लाल, सुजलेली आणि दुखरी होते. तेवढं लक्षण पुरेसं समजा. पिवळी, मधासारखी खपली, वाहणारी पुळी, अचानक वाढलेला ठणका हीही संसर्गाची चिन्हं आहेत.

ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला तर सकाळची वाट पाहू नका. आधी पॅरासिटामॉल घेऊन बघू, असंही नको. त्याने आकडा उतरतो आणि संसर्ग आत तसाच राहतो. केमोच्या टीमने दिलेल्या नंबरवर रात्री दोन वाजता सुद्धा फोन करायचा.

अंगावर मोठे फोड येणं, कातडी सुटणं, सोबत तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगावर जखमा होणं ही तातडीची बाब आहे. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे पाण्याचे फोड आणि त्याआधी जळजळ असेल तर ती नागीण असू शकते. तिचं औषध जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. ओठ-जीभ सुजणं किंवा श्वास अडणं ही ॲलर्जी आहे, तिथे सरळ इमर्जन्सी गाठायची.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी पुरळ नेमकं उतरलेलं असतं, हा अनेकांचा अनुभव. म्हणून एकाच खिडकीच्या उजेडात दर दोन-तीन दिवसांनी फोटो काढून ठेवा आणि त्याखाली डोसनंतरचा कितवा दिवस ते लिहा. एका नजरेत डॉक्टरांना सगळी चाल कळते. अंगाचा किती भाग व्यापलाय यावरून ते तीव्रता ठरवतात: दहा टक्क्यांहून कमी म्हणजे सौम्य, तीस टक्क्यांच्या पुढे म्हणजे तीव्र, मधलं मध्यम. पण तुमच्या कामावर, झोपेवर आणि मनावर काय परिणाम होतोय हेही त्या हिशेबात धरलं जातं, म्हणून ते सांगायला विसरू नका.

टार्गेटेड औषधावर काही आठवडे गेल्यावर नखांच्या कडा सुजून दुखू शकतात. घट्ट बूट टाळा आणि नखं सरळ कापा. पापण्यांचे केस लांब आणि वेडेवाकडे वाढतात, कधी आत वळून डोळ्याला टोचतात. डोळा लाल झाला, खुपू लागला किंवा उजेड सहन होईना, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. ते केस स्वतः उपटू नका.

औषध थांबल्यावर पुळ्या साधारण महिन्याभरात बसतात. काळे डाग मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतात, गडद त्वचेवर जास्त. ते उजळवायची घाई करून तीव्र क्रीम लावली तर नव्याने जमू लागलेली त्वचा पुन्हा सोलते. डाग फिके होईपर्यंत मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन तसंच चालू ठेवा.